रिकाम्या भेटी आणि मोकळी माणसे

ज्या प्रदेशात वृद्धांचे प्रमाण वाढते, तेथे घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या माणसांची गरजही वाढते. २०११ च्या शिरगणतीत साठ वर्षे वा त्याहून अधिक वयाची माणसे साऱ्या भारतात शेकडा ८.६ होती, तमिळनाडूत हेच प्रमाण शेकडा १०.४ भरले. या राज्याने ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यातील सामनपळ्ळी या गावी ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ नावाच्या योजनेस आरंभ केला. ‘लोकांचा शोध घेत येणारे वैद्यक’ असा या तमिळ शब्दांचा अर्थ होय. रक्तदाब व मधुमेह यांवरील औषधे रोग्याच्या दारी पोहोचविणे, पक्षाघात झालेल्यांकडून घरीच व्यायाम करवून घेणे, अंथरुणाला खिळलेल्यांच्या वेदना हलक्या करणे ही कामे योजनेत येतात. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका पारितोषिकाने तिचा गौरवही झाला. बचतगटांतून निवडलेल्या स्त्री-स्वयंसेविका गावोगावी व वस्त्यावस्त्यांतून हिंडतात. मात्र व्यायामोपचारतज्ज्ञ आणि वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेल्या परिचारिका त्या मानाने थोड्या असतात. माणसे थोडी आणि दारे अनेक असली, म्हणजे कोणी कोठे केव्हा जावे हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

चेन्नईसारख्या महानगरात तो अधिकच बिकट होतो. उत्तरेस एन्नोरपासून दक्षिणेस तांबरमपर्यंत पसरलेल्या या वस्तीला कूवम आणि अड्यार या दोन नद्या आडव्या छेदून जातात. पुलांवरील गर्दीचा अनुभव तेथील प्रत्येकास आहे. खाजगी गृहशुश्रूषा संस्था असो की धर्मादाय, तिच्या कचेरीत सकाळी सहा वाजता दूरध्वनी खणखणतो व कोणी सेविका कळविते की, मुलाला ताप आहे, आज येणे जमणार नाही. तिच्या नावे लिहिलेल्या भेटी त्या क्षणी रिकाम्या होतात. कागदावर ती केवळ एक कोरी चौकट दिसते. प्रत्यक्षात त्या चौकटीच्या जागी कोणी वृद्ध असतो. त्याची कूस वेळेवर पालटली नाही तर शय्याव्रण चिघळतात, आणि नाकातील नळीवाटे अन्न मिळाले नाही तर तो उपाशी राहतो.

अशा रिकाम्या भेटी भरून काढण्यासाठी आता संगणकाच्या आज्ञावली वापरतात. त्यांच्या अंतरंगात काय चालते, हे एका लहानशा उदाहरणावरून समजून घेता येईल. उदाहरण काल्पनिक आहे. नावे मात्र चेन्नईतील भागांची घेतली आहेत.

सकाळी नऊच्या चार भेटी आहेत असे समजा: मैलापूर, अड्यार, वेळच्चेरी आणि पेरंबूर. सेविकाही चारच : क, ख, ग आणि घ. क ही मैलापूर किंवा अड्यार येथे जाऊ शकते. ख नवशिकी असून तिच्याजवळ वाहन नाही, म्हणून तिला मैलापूरच शक्य आहे. वेळच्चेरी व पेरंबूर येथील रोग्यांस नळीवाटे अन्न द्यावयाचे आहे. ती विद्या ग व घ या दोघींनाच येते. पैकी ग हिला अड्यार व वेळच्चेरी गाठता येते, पण पेरंबूर तिला फार दूर पडते. घ हिला वेळच्चेरी आणि पेरंबूर ही दोन्ही ठिकाणे शक्य आहेत.

कचेरीतील व्यवस्थापक यादी वरून खाली वाचू लागतो. मैलापूरला क मोकळी दिसते, तिचे नाव लिहितो. अड्यारला ग. वेळच्चेरीला घ. आता पेरंबूर उरले. तेथे जाऊ शकणारी एकटी घ होती, ती तर गुंतली. इकडे ख हात जोडून बसली आहे, कारण तिला शक्य असलेले मैलापूर क ने अडविले आहे. एक भेट रिकामी आणि एक माणूस मोकळे, तरीही दोहोंची गाठ पडत नाही! व्यवस्थापकाने कोठे आळस केला असे नाही. प्रत्येक पायरीवर त्याने योग्य माणूसच निवडले होते.

यातून सुटण्याची वाट अशी. रिकाम्या पेरंबूरपासून आरंभ करा. तेथे घ जाऊ शकते; ती गेल्यास वेळच्चेरी रिकामे होते. वेळच्चेरीस ग जाऊ शकते. मग अड्यार रिकामे. अड्यारला क चालेल. मग मैलापूर रिकामे. आणि मैलापूरसाठी ख वाट पाहत बसलेलीच आहे. चौघींची कामे एकेक पाऊल सरकली आणि चारही भेटी भरल्या. रिकाम्या भेटीपासून मोकळ्या माणसापर्यंत नेणाऱ्या अशा साखळीस गणितज्ञ ‘वाढीचा मार्ग’ म्हणतात. फ्रेंच गणितज्ञ क्लोद बेर्ज याने १९५७ साली दाखवून दिले की, असा मार्ग जोवर सापडतो तोवर जुळणी सुधारता येते. तो मुळीच सापडत नसेल, तर हाती असलेल्या जुळणीपेक्षा अधिक भेटी भरणारी जुळणी अस्तित्वातच नाही. चार भेटींत ही साखळी माणसाला नजरेने हुडकता येईल. चाळीस भेटींत ती सहसा दिसत नाही. यंत्राचा उपयोग तेथे होतो.

येथे वाचक म्हणेल, यंत्र शक्य त्या सर्व मांडण्या तपासून उत्तम ती का निवडत नाही? दहा माणसे व दहा भेटी यांच्या मांडण्या ३६,२८,८०० होतात. वीस व वीस यांच्या मांडण्यांची संख्या एकोणीस अंकी भरते. तेव्हा तो मार्ग बंदच समजावा. ‘कोणास कोठे पाठविले असता एकूण प्रवास सर्वांत कमी होईल’ या प्रश्नाचे चलाख उत्तर अमेरिकन गणितज्ञ हॅरोल्ड कून याने १९५५ साली प्रसिद्ध केले. त्या उत्तराची हकीकत आम्हा भाषांतरकारांस विशेष आवडावी अशी आहे. डेनेश क्योनिग या हंगेरियन गणितज्ञाच्या जर्मन ग्रंथातील एका तळटीपेत येनो एगेर्वारीच्या १९३१ मधील लेखाचा उल्लेख कूनला आढळला. तो लेख हंगेरियन भाषेत होता. १९५३ साली कूनने ग्रंथालयातून हंगेरियन व्याकरण व कोश आणले आणि तो लेख स्वतः इंग्रजीत उतरविला. त्यातून स्फुरलेल्या रीतीस त्याने ‘हंगेरियन रीत’ हेच नाव दिले. पुढे २००६ च्या सुमारास असे लक्षात आले की, १८५१ साली निवर्तलेल्या याकोबी या जर्मन गणितज्ञाने जवळजवळ हीच रीत लॅटिन भाषेत लिहून ठेवली होती! वीस माणसांच्या जुळणीस या रीतीने संगणकाला निमिषमात्र पुरते.

पण वर सांगितलेल्या साखळीहूनही व्यवहारात मोलाचा असा एक सिद्धान्त आहे. तो इंग्रज गणितज्ञ फिलिप हॉल याने १९३५ साली मांडला. त्यास विनोदाने ‘विवाहसिद्धान्त’ म्हणतात. आपल्याकडील वधूवरसूचक मंडळांना मात्र त्याचा पत्ता नसावा. आशय असा की, भेटींचा कोणताही गट घेतला, तरी त्या गटातील एखाद्या तरी भेटीस जाऊ शकणारी माणसे निदान गटातील भेटींइतकी असली पाहिजेत. एवढे सर्व गटांबाबत खरे असेल, तर सर्व भेटी खात्रीने भरता येतात. एका जरी गटात उणे पडले, तरी भरता येत नाहीत.

आपल्या उदाहरणात ग आजारी पडली असे समजा. वेळच्चेरी आणि पेरंबूर या दोन भेटींस आता घ एकटीच उरते. दोन भेटी, माणूस एक. जगातील कोणतीही आज्ञावली येथे चालणार नाही. म्हणजेच रिकाम्या भेटी दोन जातींच्या असतात: मांडणी चुकल्यामुळे राहिलेल्या, आणि माणसेच अपुरी असल्यामुळे राहिलेल्या. पहिल्या जातीवर गणित हा उपाय आहे. दुसऱ्या जातीवर उपाय म्हणजे क ला नळीवाटे अन्न देण्याचे शिक्षण देणे, एक भेट अकरा वाजता ढकलणे किंवा आणखी एक माणूस नेमणे. तुटवडा नेमका कोणत्या कौशल्याचा व कोणत्या भागात आहे, हे आज्ञावली दाखवून देऊ शकते. माझ्या मते तिचा हा उपयोग, ती वाचवीत असलेल्या वेळापेक्षा मोठा आहे. आणि नेमका हाच उपयोग करून घेण्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते.

एका वेळेची जुळणी सोडून सबंध दिवसाचा विचार केला, की प्रश्नाचे स्वरूप पालटते. एक सेविका दिवसात पाचसहा घरी जाते. कोणत्या घरानंतर कोणते घर, हे ठरविणे म्हणजे फिरत्या विक्रेत्याचा सुप्रसिद्ध प्रश्न होय. त्याचे उत्तर सर्व प्रसंगी झटपट व अचूक देणारी रीत कोणास अद्यापि सापडलेली नाही. म्हणून येथे आज्ञावली बऱ्यापैकी उत्तर शोधते आणि ते थोडेथोडे सुधारीत जाते. स्वीडनमधील नगरपालिकांनी वृद्धांच्या गृहशुश्रूषेसाठी ‘लॅप्स केअर’ नावाची अशी आज्ञावली या शतकाच्या पहिल्या दशकातच वापरावयास घेतली.

आज्ञावलीस नियम सांगावे लागतात, आणि ते दोन प्रकारचे असतात. जिला नळीचे शिक्षण नाही तिला त्या घरी पाठवू नये, हा नियम मोडता येत नाही. वृद्ध स्त्रीला स्नान घालण्यास स्त्रीच असावी, हाही तसाच. परंतु रोज तोच चेहरा दारी यावा, रोग्याची भाषा सेविकेस यावी, या इच्छा आहेत. त्या मोडल्यास किती दंड धरावा हे आकड्यांत सांगावे लागते. जिभेची सवय गेलेली एखादी तेलुगू आजी केवळ तमिळ जाणणाऱ्या सेविकेला आपली वेदना कशी सांगणार? त्या दंडाचा आकडा माणूसच ठरवितो, यंत्र नव्हे. ‘एकूण प्रवास कमी करा’ एवढीच आज्ञा दिली, तर जेव्हा जेव्हा माणसे कमी पडतील तेव्हा तेव्हा एन्नोरकडील एकाकी घरच वगळले जाईल, कारण गणिताच्या दृष्टीने तेच सर्वांत महाग. यावर उपाय सोपा आहे : काल राहिलेल्या घराचा दंड आज दुप्पट धरावा. पण तो कोणी तरी मुद्दाम लिहावा लागतो.

सेविकांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. दोन भेटींमधील प्रवासास नकाशावरील अंतर मोजून वीस मिनिटे दिली आणि प्रत्यक्षात पन्नास लागली, तर ती तीस मिनिटे कोणाच्या तरी व्यायामातून नाहीतर सेविकेच्या जेवणातून कापली जातात. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत तर हे अंतर भरवशाचे राहतच नाही. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळात वेळच्चेरीसारखे सखल भाग पाण्याखाली गेले होते. अशा दिवशी नदीच्या एका तीरावरील सेविकांस दुसऱ्या तीरावरील घरे अशक्य होतात. साखळीचे अनेक दुवे एकाच वेळी तुटतात, आणि जुळणी प्रत्येक तीरावर स्वतंत्रपणे, नव्याने करावी लागते. ज्या संस्थेने कोणत्या घरी नळी आहे व कोणत्या घरी केवळ औषधाची पुडी पोहोचवावयाची आहे याची नोंद आधीच करून ठेवली असेल, तिला कोणती भेट आजच झाली पाहिजे आणि कोणती परवावर ढकलता येईल, हे त्या सकाळी ठरविता येते.