बाकावर बसलेले ७९२ संघ

आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचा पहिला सामना संपायच्या आधीच कठड्यावर बसलेल्या मंडळींचा निकाल लागलेला असतो. "त्या लंबूले बसव ना भो, तीनदा बॉल घालवला त्यानं!" "सरांचं काही कळत नाही बुवा, तो डावखुरा बाकावर काय शेंगा सोलतोय?" मैदान जळगावचं असो की धुळ्याचं, मुद्दा एकच असतो: पहिले पाच चुकीचे उतरवले. पुढच्या दोन सामन्यांत हे मत पक्कं होतं आणि वर्षभर टिकतं. गंमत म्हणजे या मताच्या पोटात इतकं गणित दडलंय, की एकदा ते दिसलं की साधा लीगचा सामनाही वेगळ्याच डोळ्यांनी बघावा लागतो.

संघ १२ जणांचा, मैदानात ५. बारातून पाच जण किती तऱ्हांनी निवडता येतील? ७९२. एका बाकावर ७९२ वेगवेगळे संघ दाटीवाटीनं बसलेले असतात म्हणा ना! प्रत्येक संचाला फक्त पाच मिनिटं द्यायची म्हटली तरी ३,९६० मिनिटं लागतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामना ४० मिनिटांचा, म्हणजे पुरे ९९ सामने. आपल्याकडच्या आठ संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत विजेत्याच्याही वाट्याला तीनच सामने येतात. तीन सामन्यांत पाच-पाच मिनिटांप्रमाणे २४ संच बघून होतील. ७६८ संच कुणीच पाहिलेले नसतात. सरांनीही नाही, कठड्यावरच्यांनीही नाही.

मुळात पाचच का? जेम्स नायस्मिथनं डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथं हा खेळ काढला तेव्हा वर्गात १८ मुलं होती, म्हणून दोन्हीकडे नऊ-नऊ उभे केले. पाचाचा आकडा काही वर्षांनी ठरला. वर्गाच्या पटावरून खेळाडूंची संख्या ठरवणारा हा पीटीचा मास्तर आपल्या कुठल्याही शाळेत शोभला असता.

आता नेमबाजीकडे येऊ, कारण बहुतेक खेळाडू कठड्यावर तिथंच पास किंवा नापास होतात. समजा संघातले बाराही जण अगदी सारख्या कुवतीचे आहेत. प्रत्येकाचे शंभरातले ४० बॉल रिंगमध्ये जातात, एकाचाही जास्त नाही, कमी नाही. सुरुवातीच्या सामन्यांत प्रत्येकानं दहा-दहा फटके मारले. काय दिसेल? दहात सहा किंवा अधिक बास्केट होण्याची शक्यता साधारण सहात एक. दोन किंवा त्याहून कमी होण्याची शक्यताही साधारण सहात एकच. म्हणजे बारा सारख्या पोरांत सरासरीनं दोन 'हिरो' निघणार आणि दोन 'घरी पाठवा' निघणार. फरक कशाचाच नसताना! कठड्यावर मात्र त्या चौघांवर तास-तास वाद होणार, आणि वाद घालणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे त्यांना कुणी समजावू शकणार नाही.

शितावरून भाताची परीक्षा करायची आपली रीत इथं अडते ती याचमुळे. एका पातेल्यातली शितं सारखी शिजलेली असतात. फटके तसे नसतात. एक मोकळा मिळालेला, दुसरा अंगावर दोघं चढलेले असताना मारलेला, तिसरा फटक्यासाठी मिळणारी चोवीस सेकंद संपत आली म्हणून भिरकावलेला. कागदावर तिन्हींची नोंद सारखीच.

"आज त्याचा हात बसलाय, त्यालाच बॉल द्या" हे वाक्य मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण त्यावरून जगात मोठी चर्चा झालीय. १९८५ मध्ये थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि अमोस ट्व्हर्स्की या तिघांनी दाखवलं, की 'हात बसणं' हा बघणाऱ्यांचा भ्रम आहे. त्यांनी व्यावसायिक संघांच्या नोंदी तपासल्या, शिवाय कॉर्नेल विद्यापीठाच्या कॉलेज खेळाडूंकडून फटके मारून घेतले. लागोपाठ बास्केट झाल्यावर पुढचा फटका बसण्याची शक्यता वाढलेली त्यांना दिसली नाही. तीस-एक वर्षं हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत राहिला आणि प्रेक्षकांच्या भोळेपणाचं उदाहरण म्हणून वर्गावर्गांत सांगितला गेला.

मग २०१८ मध्ये जोशुआ मिलर आणि अॅडम सान्हुर्हो यांनी त्या हिशेबातलीच एक बारीक चूक पकडली. ती इतकी अजब आहे, की रुपयाचं नाणं घेऊन आत्ताच करून बघावी. नाणं तीनदा उडवा. छापानंतर लगेच आलेल्या फेकींत छाप किती, त्याचं प्रमाण काढा. कुणीही सांगेल, सरासरी निम्मी. आठ शक्यता लिहून काढा: छाप-छाप-छाप, छाप-छाप-काटा, असं करत. दोन शक्यतांत पहिल्या दोन फेकींत छापच नाही, त्या गाळा. उरलेल्या सहांपैकी दोहोंत प्रमाण पूर्ण एक, एकात अर्धं, तिन्हींत शून्य. बेरीज अडीच, भागिले सहा. उत्तर येतं पाच-बारांश, म्हणजे ४२ टक्क्यांच्या आसपास, निम्म्याहून कमी! नाण्यात खोट नाही, छोट्या मालिकांची सरासरी काढण्याची पद्धतच तिरकी आहे. तो तिरकेपणा दुरुस्त केल्यावर त्याच १९८५ च्या कॉलेज खेळाडूंच्या आकड्यांत हात बसल्याच्या खुणा दिसू लागल्या. कठड्यावरचे बापू-आप्पा अगदीच खुळे नव्हते तर. अर्थात त्यांना तो बसलेला हात दर दुसऱ्या सामन्यात दिसतो, तेवढं खरं नसावं.

नेमबाजीचं एवढं झालं, पण सामना काही नुसत्या नेमानं जिंकत नाहीत. एक साधी युक्ती आहे. एखादा खेळाडू आत आला की गुणफलक टिपायचा, बाहेर गेला की पुन्हा टिपायचा. तो आत असताना आपले १८ आणि त्यांचे ११ झाले, तर त्याच्या नावावर अधिक सात. स्वतः त्यानं दोनच गुण केले असले तरी. या 'प्लस-मायनस'ची सुरुवात आइस हॉकीत झाली, पण बास्केटबॉलला तो फार मानवला, कारण इथं कागदावर न येणारं काम भलतंच असतं.

तो मघाचा लंबूच बघा. समोरच्या संघाचा फटका हुकणार असं दिसताच तो बॉलकडे बघतसुद्धा नाही. वळतो, पाय फाकवून रोवतो, कंबर आणि पाठ लावून त्यांच्या सगळ्यात दांडग्या पोराला रिंगपासून हातभर मागे दाबून धरतो. बॉल रिंगवरून उडतो आणि आपल्या बुटक्या गार्डच्या हातात अलगद पडतो. गुणलेखकाच्या कागदावर रिबाउंड गार्डच्या नावावर. टाळ्याही त्यालाच. लंबूला बसवा म्हणणाऱ्यांनी तो बसल्यावरची पाच मिनिटं नीट बघावीत: गार्डचे रिबाउंड एकाएकी आटतात.

पण मग दोन लंबू एकदम उतरवावेत का? इथं जागेचा हिशेब येतो. मैदान २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. हल्ला चालू असतो तेव्हा दहाही जण निम्म्या मैदानात, म्हणजे २१० चौरस मीटरमध्ये, माणशी २१. तीन गुणांची कमान रिंगपासून पावणेसात मीटरवर. आपल्या पाचांपैकी कुणालाच कमानीबाहेरून नेम नसेल, तर समोरचे पाच आतच गोळा होतात, आणि कमानीच्या आतलं क्षेत्र त्या २१० च्या निम्म्याहूनही कमी आहे. एकच बरा नेमबाज कोपऱ्यात उभा राहिला, की त्याच्यामागे एकाला बाहेर यावंच लागतं. त्यानं दिवसभरात एकही फटका मारला नाही तरी मधे वाट मोकळी होते आणि ले-अपचे गुण दुसऱ्याच्या खात्यात पडतात. उभं राहणं हेसुद्धा खेळणं असतं, हे मला या खेळातलं सगळ्यात नवलाचं वाटतं. आणि म्हणूनच पाच सर्वोत्तम खेळाडू एकत्र केले की सर्वोत्तम पाच मिळतात असं नाही.

फाऊलचं थोडक्यात सांगतो. पाच वैयक्तिक फाऊल झाले की खेळाडू बाद. म्हणून पहिल्या सत्रातच दोन झाले की सर त्याला बसवतात, आणि कठड्यावर "भीतीनं बसवला" असा गलका होतो. मला इथं प्रेक्षकांची बाजू पटते. पाचव्या फाऊलच्या धाकानं त्याला बसवायचं म्हणजे जी मिनिटं कदाचित गेली असती, ती आपल्याच हातानं आधीच घालवायची.

खान्देशातला प्रेक्षक मुळात कबड्डीचा, आणि तिथं हाच आकडा वेश बदलून भेटतो. कबड्डीतही संघ १२ चा, पण मैदानात ७. बारातून सात निवडायचे प्रकार किती? पुन्हा ७९२! सात आत घेणं म्हणजेच पाच बाहेर बसवणं, म्हणून. पण पुढची कथा उलटी आहे. बास्केटबॉलमध्ये कोण आत, कोण बाहेर हे आपले सर ठरवतात. कबड्डीत बरंचसं समोरचा चढाईपटू ठरवतो. त्यानं आपला उजवा कोपरा टिपला, मग कव्हर टिपलं, की सातांची साखळी तुटून तिचा भलताच तुकडा उरतो. सातांतून असे उरू शकणारे वेगवेगळे गट १२७. सहा किंवा अधिक जण असले तर चढाईपटूला बोनस रेषा खुली, तीन किंवा कमी उरले आणि पकड झाली तर सुपर टॅकलचा जादा गुण. शिवाय बाद झालेले परत येतात ते ज्या क्रमानं गेले त्याच क्रमानं. त्यामुळे कबड्डीचा चांगला प्रशिक्षक पहिले सात निवडताना मनात तिघांचीही निवड करत असतो: चौघं गेल्यावर कोण उरलेले परवडतील?

दोन्ही खेळांत हंगामाचा पुढचा टप्पा तर आणखी गुंत्याचा. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव धारण केलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे येतात. इथल्या महाविद्यालयांच्या स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेत. म्हणजे काल-परवापर्यंत एकमेकांच्या छातीवर बॉल आपटणारी पोरं आता एका बाकावर. यादी लागली रे लागली की दोन्हीकडे पहिला प्रश्न ठरलेला: "जळगावचे किती घेतले? धुळ्याचे किती?" समजा अगदी तोलून सहा इकडचे आणि सहा तिकडचे घेतले. सहांतून पाच निवडायचे प्रकार सहाच. म्हणजे निव्वळ जळगावकरांचे संच ६, निव्वळ धुळेकरांचे ६. उरलेल्या ७८० संचांत दोघंही आहेत, आणि पश्चिम विभागाच्या पहिल्या उडीला उतरणारा संच जवळपास नक्की त्यातलाच एक असणार.