घरातली वीज – लेखांक ६ : सैल सॉकेट, घट्ट सॉकेट

सॉकेटच्या प्रत्येक भोकामागे पितळेची वाकवलेली पत्ती असते. पिन आत शिरली की ती किंचित फाकते आणि आपल्याच ताणाने पिनेला आवळून धरते. वीज जाते ती या पकडीतून. पकड सैल पडली की प्लग लोंबू लागतो, हात लागला की मिक्सर बंद पडतो आणि आतून चरचर ऐकू येते. उलट काही सॉकेटमध्ये पिन जाता जात नाही, गेली तर निघता निघत नाही. बहुतेक घरांत तक्रार होते ती या दुसऱ्या प्रकाराची, कारण तो हाताला जाणवतो. आग लावण्याची ताकद मात्र पहिल्यात असते.

भारतात चालणारी गोल पिनांची पद्धत मूळची ब्रिटिश. तिथल्या १९३४ च्या बीएस ५४६ या मानकातले पाच आणि पंधरा अँपिअरचे प्लग भारताने घेतले. पुढे १९४७ मध्ये ब्रिटनने चपट्या पिनांचे नवे मानक आणले, भारत गोल पिनांवरच राहिला. आज आयएस १२९३ या भारतीय मानकात हेच आकडे सहा आणि सोळा झाले आहेत, पण इलेक्ट्रिकच्या दुकानात अजूनही ‘पाचचा’ आणि ‘पंधराचा’ असेच मागितले जाते. लहान प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिना साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या, मोठ्याच्या ७ मिलिमीटरच्या. मोबाइलचे बरेच चार्जर युरोपीय धर्तीच्या ४ मिलिमीटर पिनांचे असतात. म्हणून चार्जर डुगडुगला की सॉकेट गेले असे समजण्याची घाई नको. चांगल्या अवस्थेतला तीन पिनांचा प्लग, म्हणजे टॉप, लावून पाहावा. तोही ढिला बसला तरच दोष सॉकेटचा.

सहा-सोळा दोन्ही चालणाऱ्या एकत्रित सॉकेटमध्ये मात्र दोष वापराचा असतो. जाड पिनांनी पत्त्या वर्षभर फाकवल्या की त्याच पत्त्या बारीक पिनेला नीट धरत नाहीत. इस्त्री आणि गीझर एकाच पॉइंटवर आलटून पालटून लावणाऱ्या घरांत हे हमखास दिसते.

सैल पकडीतून उष्णता किती निघते, हे साध्या गणिताने कळते. चांगल्या सांध्याचा रोध ओहमच्या काही सहस्रांशांइतका असतो. झिजलेल्या, काळवंडलेल्या पत्तीत तो दशांश ओहमपर्यंत गेला असे धरू. २३० व्होल्टवर २ किलोवॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे साडेसात वॅट. एखाद्या नाइट लॅम्पइतकीच ही शक्ती, पण ती पत्तीच्या नखाएवढ्या जागेत साठते आणि भोवतीच्या प्लॅस्टिकमुळे बाहेर पडत नाही. हजार वॅटच्या इस्त्रीला त्याच सांध्यात दोन वॅटही निघत नाहीत, मोबाइलच्या चार्जरला तर नगण्य. ‘चार्जर चालतो आहे की, मग सॉकेट ठीकच असणार’ हा तर्क इथेच फसतो.

तापण्याचा परिणाम पुन्हा तापण्यावरच होतो. पितळ एका मर्यादेपलीकडे तापले की त्यातला ताण मरतो, पत्ती मऊ पडते, पकड आणखी ढिली होते, रोध वाढतो. त्यामुळे पक्कडीने पत्ती चेपून घट्ट करणे किंवा टॉपच्या चिरलेल्या पिनांत स्क्रू ड्रायव्हर घालून त्या फाकवणे हे जुने, घरोघरी चालणारे उपाय चार दिवसांचे ठरतात. पत्तीचा गेलेला ताण चेपून परत येत नाही.

जळण्याची खूण भोकाभोवतीच्या तपकिरी वर्तुळात दिसते. ती बहुधा एकाच भोकापाशी असते. फेज आणि न्यूट्रल या दोन्हींतून सारखाच प्रवाह जातो, तेव्हा जे भोक काळे पडले त्याच्याच मागे सांधा ढिला आहे हे उघड होते. सॉकेट उघडल्यावर कधी पत्ती शाबूत दिसते आणि जळालेला निघतो तो मागचा स्क्रू. त्यातली तार सैल झालेली असते, आवरण इंचभर कडक होऊन तडकलेले असते. वर्षानुवर्षे टॉप न काढलेल्या गीझरच्या पॉइंटमध्ये हाच प्रकार आढळतो. तिथे पत्ती झिजायला कारणच नसते. मिक्सर आणि इस्त्रीचे सॉकेट झिजते ते रोजच्या काढघालीने, आणि टॉप न धरता वायर ओढण्याच्या सवयीने तर फारच लवकर.

मुंबईत घाटकोपरच्या पंतनगरसारख्या वसाहतींत किंवा मुलुंडच्या जुन्या सोसायट्यांत अजून एक गोष्ट पाहावी लागते. साठ-सत्तरच्या दशकांत तांबे महाग आणि आयातीचे असल्याने घरांत ॲल्युमिनियमच्या तारा सर्रास वापरल्या गेल्या. ज्या घराचे वायरिंग तेव्हापासून बदललेले नाही तिथे त्या अजून असू शकतात. ॲल्युमिनियम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू चेपत जाते, त्यामुळे नीट आवळलेला सांधाही काही वर्षांनी ढिला होतो. अशा घरात नुसते सॉकेट बदलून भागत नाही.

आता घट्ट सॉकेट. नव्या मॉड्युलर सॉकेटमध्ये भोकांआड झडप असते, लहान मुलाने खिळा वा तार घालू नये म्हणून. वरची अर्थिंगची पिन लांब असते. ती आधी शिरते आणि झडप उघडते. दोन पिनांच्या चार्जरला ही पिनच नसल्याने तो अडतो. मग पेन किंवा टेस्टर वरच्या भोकात खुपसून चार्जर ढकलला जातो. वायरिंग उलटसुलट असेल तर ही युक्ती जिवावर बेतू शकते. बऱ्याच झडपा दोन्ही पिनांचा सारखा दाब एकाच वेळी आला की उघडतात, तेव्हा चार्जर तिरका न धरता सरळ दाबून पाहावा. तरी न जमल्यास तीन पिनांचा ॲडॉप्टर वापरावा.

जुने सॉकेट अचानक घट्ट झाले तर कारण वेगळे. वर्सोवा, गोराईसारख्या खाडी-समुद्रालगतच्या भागांत खारी हवा आणि पावसाळ्याची ओल यांनी पितळेवर हिरवट थर चढतो. दिवाळीआधीच्या रंगकामात भोकात रंग जातो. किंवा आतले प्लॅस्टिक एकदा वितळून पिनेला चिकटलेले असते, आणि हे सर्वांत वाईट. खोबरेल तेलाचे थेंब सोडण्याचा उपाय करू नये. तेलाने धूळ धरते आणि पकड सुधारत नाही. वितळल्याची शंका असलेला टॉप जोर लावून ओढू नये, आधी मेन बंद करावा.

बदलण्याच्या कामाला कायद्याची एक रेघ आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील नियम ४५ नुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि तत्सम जोडण्या क्षमता न बदलता बदलण्यापलीकडचे काम परवानाधारक कंत्राटदारामार्फतच व्हावे लागे. पुढच्या सुरक्षा विनियमांतही हेच तत्त्व कायम राहिले. सहाच्या जागी सहाचेच सॉकेट बसवणे या सवलतीत बसते. सहाच्या जागी सोळाचे बसवणे बसत नाही, कारण मागची दीड चौरस मिलिमीटरची तार तशीच राहते आणि गीझरचा भार तिच्यावर येतो.

बोर्डवरचा स्विच फक्त फेज तोडतो, आणि जुन्या घरात तोही न्यूट्रलवर लावलेला सापडतो. म्हणून मेन बंद करावा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर पाहून घ्यावा, मग उघडलेल्या सॉकेटवर लावावा. समोरून पाहता अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. लाल, काळा, हिरवा हे रंग जुन्या वायरिंगमध्ये विश्वासाचे नसतात, म्हणून जुन्या सॉकेटची जोडणी तारा सोडवण्याआधी टिपून घ्यावी. जळालेली तार चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापावी. ती पुरेशी उरत नसेल तर वायरमनला बोलवावे. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये तिसरी तार नसतेच, तिथे वरचे भोक नुसते शोभेचे. ते न्यूट्रलला जोडून ‘अर्थिंग’ करून देणारे कारागीर भेटतात. न्यूट्रल तुटला तर अशा जोडणीत फ्रिजच्या अंगावर थेट फेज येतो.

घरातले सगळेच पॉइंट एकदम मंद होत असतील तर सॉकेट उघडण्यात अर्थ नाही. मीटरपर्यंतची जबाबदारी पुरवठा कंपनीची. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला बहुतेक ठिकाणी ती अदानी इलेक्ट्रिसिटी, म्हणजे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लायची आजची वारसदार, काही ग्राहकांसाठी टाटा पॉवर. मुलुंड-भांडुपला महावितरण. मीटरच्या पुढचे वायरिंग मात्र ग्राहकाचे.

नवे सॉकेट बसवल्यावर इस्त्री दहा-पंधरा मिनिटे चालवावी, स्विच बंद करून टॉप काढावा आणि पिनांना बोट लावून पाहावे. कोमट असणे ठीक. चटका बसला तर मागचा स्क्रू पुन्हा तपासावा, आणि टॉपच्या पिना काळ्या, खडबडीत असतील तर तोही आयएसआय चिन्हाचा नवा घ्यावा. खडबडीत पिन नव्या पत्तीलाही लवकर घासून काढते.