खेळाडूचें अवधान व हृदयाची लय

चांगल्या खेळाडूचे ज्ञानतंतूच मुळांत इतरांहून वेगवान असतात, असा पुष्कळांचा समज असतो. सांगलींत १९१५ सालीं जन्मलेल्या विजय हजारे यांची एक खेळी या समजाच्या परीक्षणास फार उपयोगी पडते. जानेवारी १९४८ मध्यें ॲडलेडच्या कसोटी सामन्यांत त्यांनीं पहिल्या डावांत ११६ व दुसऱ्या डावांत १४५ धांवा काढल्या. दुसऱ्या डावांत सबंध भारतीय संघाच्या धांवा २७७. म्हणजे निम्म्याहून अधिक एकट्या हजारे यांच्या! आणि समोर लिंडवॉलसारखा गोलंदाज, ज्यानें त्याच डावांत सात गडी बाद केले.

ताशीं १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटून फलंदाजापर्यंत येण्यास जेमतेम अर्धा सेकंद लागतो. दिवा लागतांच कळ दाबावी, एवढेंच काम असलें तरी निरोगी तरुणाचा सेकंदाचा सुमारें पांचवा भाग त्यांत खर्ची पडतो. यालाच प्रतिक्रियाकाल म्हणतात. एकच ठरलेलें उत्तर द्यावयाचें नसून अनेकांतून एक निवडावयाचें असेल, तर हा काल वाढतो, हें डाँडर्स या डच शास्त्रज्ञानें १८६८ सालींच दाखवून दिलें. फलंदाजास तर पुढें यावें, मागें सरावें, कीं चेंडू सोडून द्यावा, ही निवड प्रत्येक वेळीं करावी लागते. मग बॅट फिरविण्यास वेळ उरतो कोठून?

१९८७ सालीं इंग्लंडांत पीटर मॅकलॉड यांनीं खेळपट्टीवर अशी योजना केली कीं, टप्पा पडल्यावर चेंडू कोणीकडे वळेल हें कोणासच आधीं सांगतां येऊं नये. तेव्हां आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांनाहि सेकंदाच्या सुमारें पांचव्या भागाच्या आंत फटका बदलतां येईना! या बाबतींत ते सामान्य माणसासारखेच ठरले. पुढें २००० सालीं मायकेल लँड यांच्यासह मॅकलॉड यांनीं फलंदाजांच्या नजरेचीं मोजमापें घेतलीं. फलंदाजाची दृष्टि सारखी चेंडूच्या मागें धांवत नाहीं. चेंडू सुटतांना ती गोलंदाजाच्या हातावर असते आणि मग चेंडूच्या आधींच टप्प्याच्या जागीं उडी घेते. कसलेल्या फलंदाजाची ही उडी अधिक लवकर पडते. त्याच्यापाशीं जो जास्तीचा वेळ दिसतो, तो असा आधींच मिळविलेला असतो. लुकलुकणाऱ्या दिव्यांपुढें मुलांना उभें करून चपळाई शिकविणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. गोलंदाजाचा खांदा व मनगट कसें ओळखावें, हें त्या यंत्राला शिकवितां येत नाहीं.

सांगलीच्या शेजारीं साताऱ्यांत अवधानाची निराळी परीक्षा पाहावयास मिळते. धनुर्विद्येंत लक्ष्य निश्चल असतें. अडथळा येतो तो स्वतःच्या छातींतून. सातारा जिल्ह्यांतील कुमारी अदिति स्वामी हिनें ऑगस्ट २०२३ मध्यें, वयाच्या सतराव्या वर्षीं, बर्लिन येथें कंपाउंड धनुष्याचें, म्हणजे टोकांस चाकें बसविलेल्या धनुष्याचें, जागतिक अजिंक्यपद मिळविलें. अंतिम लढतींत १५ बाणांत १५० पैकीं १४९ गुण! पन्नास मीटरांवरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें आठ सेंटिमीटर व्यासाचें, आणि एका बाणास मुदत वीस सेकंदांची.

अशा क्षणीं हृदय काय करीत असतें? २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें त्वचेच्या रंगांतील सूक्ष्म बदल कॅमेऱ्यानें टिपून धनुर्धरांचे ठोके प्रेक्षकांस दाखविण्यांत आले. परंतु नुसत्या संख्येंत सारें कळत नाहीं. स्वस्थ माणसाचें हृदय घड्याळासारखें टिकटिक करीत नसतें. श्वास घेतांना दोन ठोक्यांमधील अंतर कमी होतें, सोडतांना वाढतें. व्हेगस नांवाचा मज्जातंतु लगामाप्रमाणें हें काम करतो. भीति वाटली कीं लगाम सुटतो, ठोके जलद होतात व त्यांमधील अंतरें जवळजवळ सारखीं होतात. रायफलच्या तरबेज नेमबाजांत चाप ओढण्यापूर्वींच्या कांहीं सेकंदांत हृदय मंद होतें, असें आढळलें आहे. धनुर्धरास मात्र धनुष्य ओढण्याचे श्रम असतात. त्यामुळें त्याच्या बाबतींत हिशेब इतका सरळ नाहीं.

या चढउताराचा उपयोग साताऱ्याचा यवतेश्वर घाट चढून धांवणाऱ्यासहि करतां येतो. झोप अपुरी झाली किंवा अंगांत ताप मुरत असला, तर ठोक्यांतील हा फरक बहुधा घटतो. पण दुसऱ्याच्या आंकड्याशीं तुलना करूं नये, कारण माणसामाणसांत फार अंतर असतें. मनगटी घड्याळानें धांवतांना घेतलेलें मापहि फारसें विश्वसनीय नसतें; सकाळीं उठण्यापूर्वीं, निजल्या निजल्या, कांहीं आठवडे रोज घेतलेलें माप पाहावें.