आजोबा, नातू आणि शॉर्ट लेगचा गडी

पाटसपासून दौंडपर्यंत टेनिस बॉलच्या सामन्यांत सीमारेषेवर गडी पेरलेले असतात. फलंदाजाच्या पायाशी वाकून उभा राहणारा शॉर्ट लेग मात्र शोधूनही सापडायचा नाही. चेंडू हवेत उडवायच्या खेळात त्याचं काम काय? फिरकीवर चालणारी कसोटी मात्र याच जागेवर फिरते. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेल्या यजुर्वेंद्र सिंगने तिथे केलेली कामगिरी वाचून मी आजही थक्क होतो.

जानेवारी 1977. टोनी ग्रेगच्या इंग्लंडने ओळीने तीन कसोट्या जिंकल्या होत्या. शॉर्ट लेगचा अनभिषिक्त राजा एकनाथ सोलकर, 27 कसोटींत 53 झेल घेणारा, कोलकात्याच्या कसोटीनंतर संघाबाहेर गेला तो कायमचाच. बंगळूरला यजुर्वेंद्रचं पदार्पण झालं. पहिल्या डावात पाच झेल, दुसऱ्यात दोन! भारत 140 धावांनी जिंकला.

डावात पाच झेलांचा विश्वविक्रम ऑस्ट्रेलियाच्या व्हिक रिचर्डसनचा, डर्बन, 1936. सामन्यात सात झेलांचा ग्रेग चॅपेलचा, पर्थ, 1974. आणि ग्रेग हा व्हिकच्या मुलीचा मुलगा! आजोबा आणि नातू, दोघांच्याही विक्रमांची बरोबरी या नवख्याने एकाच सामन्यात केली.

शॉर्ट लेग फलंदाजापासून जेमतेम दोन-तीन मीटरवर असतो. बॅटला लागून उडालेला चेंडू सेकंदाच्या एक-दोन दशांशात त्याच्यापाशी पोचतो, आणि डोळ्यांनी पाहून हात हलायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणून फिरकीपटू चंद्रशेखरच्या चेंडूची उसळी, फलंदाजाचा पाय, बॅटचा कोन वाचत तो आधीच सरकू लागतो. तेव्हा डोक्यावर हेल्मेटही नसे. तुलनाच करायची तर, बेसबॉलमधला तिसरा बेस फलंदाजापासून 27 मीटरवर असतो आणि तिथल्या गड्याकडे चामडी हातमोजा असतो. अर्थात तिथे चेंडू फार जोरात येतो.

यजुर्वेंद्र एकूण चारच कसोट्या खेळला: 109 धावा, 11 झेल, 1979 मध्ये ओव्हलवर नाबाद 43. नुसत्या धावांवर तोललं, तर असा गडी राखीवच राहणार. मला तो तराजूच चुकीचा वाटतो.

सामन्यात सात झेलांची ती मजल 2015 मध्ये गॉलला आठ झेल घेऊन ओलांडली ती अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेने. डावातल्या पाच झेलांशी बरोबरी अनेकांनी केली. यष्टिरक्षक सोडला, तर सहावा झेल आजवर कुणालाच घेता आलेला नाही.