मुलांची छोटी कंपनी, मोठा हिशेब: शाळेतल्या धंद्यातून नेमकं काय शिकायला मिळतं?

१९१९ साली जगाच्या दोन टोकांना दोन गोष्टी सुरू झाल्या. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरात ‘ज्युनिअर अचिव्हमेंट’ ही संस्था उभी राहिली. मुलांनी स्वतः वस्तू बनवायच्या, विकायच्या आणि त्यातून व्यवहार शिकायचा, ही तिची कल्पना. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण पुस्तकाबरोबर हातानेही शिकायचं, हा विचार दोन्हीकडे होता.

आज जगातल्या अनेक शाळांमध्ये विद्यार्थी वर्षभरासाठी ‘कंपनी’ चालवतात. सातारा-सांगलीसारख्या शेतीवर जगणाऱ्या जिल्ह्यांतल्या मुलांना याचा काय उपयोग? समजून घेऊया.

विद्यार्थी कंपनी चालते कशी?

दहा-पंधरा मुलं एकत्र येतात. छोट्या रकमेचे शेअर काढून भांडवल जमवतात. कोणी खरेदी बघतो, कोणी विक्री, कोणी जमाखर्च. वर्षअखेरीस कंपनी बंद करायची, हिशेब मांडायचा आणि उरलेले पैसे भागधारकांना वाटायचे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तासगावच्या दहा मुलांनी बेदाण्याची पाकिटं विकायचं ठरवलं. ५० रुपयांचे ५० शेअर काढून २,५०० रुपये जमवले. २०० रुपये किलोने १० किलो बेदाणा घेतला, खर्च २,००० रुपये. पिशव्या आणि लेबलं ३०० रुपये, प्रवास २०० रुपये. १०० ग्रॅमची १०० पाकिटं झाली. म्हणजे एक पाकीट २५ रुपयांना पडलं. विक्रीचा दर ठेवला ३५ रुपये.

सगळी पाकिटं खपली तर ३,५०० रुपये येतील आणि १,००० रुपये उरतील. पण ७०च खपली तर? हातात २,४५० रुपये. ५० रुपयांची तूट आणि ३० पाकिटं पडून. उरलेला माल लवकर विकला नाही, तर भांडवलही पूर्ण परत येणार नाही.

आता खरा प्रश्न. निवडणं, वजन करणं, भरणं, विकणं यात प्रत्येकाचे सहा तास गेले, म्हणजे एकूण ६० तास. सगळा माल खपून मिळालेला १,००० रुपयांचा नफा ६० तासांवर वाटला तर तासाला १७ रुपयेही पडत नाहीत. मग हा नफा म्हणायचा की कमी दराने केलेली मजुरी?

हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरातलाच

द्राक्ष असो, हळद असो की भाजी, शेतात घरच्यांनी केलेल्या कामाची मजुरी बहुतेक घरांत कुठेच लिहिली जात नाही. बियाणं, खत, औषध यांचा खर्च लक्षात राहतो, पण आईने घातलेले दिवस हिशेबात येत नाहीत. म्हणून ‘पैसे सुटले’ असं वाटतं आणि प्रत्यक्षात तोटा झालेला असतो.

सरकारी हिशेबात मात्र याला जागा आहे. हमीभाव ठरवताना ‘ए-टू प्लस एफएल’ हा उत्पादन खर्च धरला जातो. त्यातला ‘एफएल’ म्हणजे घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत. हीच गोष्ट बेदाण्याच्या पाकिटावर शिकलेलं मूल उद्या घरच्या पिकाचा खर्च वेगळ्या नजरेने मांडू शकतं.

‘कमवा आणि शिका’पेक्षा वेगळं काय?

कर्मवीर भाऊराव पाटील मूळचे सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या कुटुंबातले. संस्थेच्या कामात पूर्णपणे उतरण्याआधी त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचं कामही केलं होतं. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि कामही करायची. १९४७ मध्ये सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजमधून ‘कमवा आणि शिका’ योजनेची ओळख दूरवर पोहोचली.

या योजनेमुळे गरिबाच्या मुलाला श्रमाच्या बदल्यात शिक्षण मिळालं. हे काम फार मोठं होतं. विद्यार्थी कंपनीचा हेतू वेगळा आहे. काम करणाऱ्याला मोबदला ठरलेला असतो. कंपनी चालवणाऱ्याला माल किती घ्यायचा, दर काय ठेवायचा हे ठरवावं लागतं आणि चुकलं तर झळ सोसावी लागते.

म्हसवडचा धडा

साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात मोठ्या वयाच्या विद्यार्थिनींनी हेच केलं. म्हसवडच्या महिलांनी चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत बँक काढायचं ठरवलं. अनेकींना लिहिता-वाचता येत नसल्याने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. महिला अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखवायची तयारी दाखवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे माणदेशीने महिलांसाठी बिझनेस स्कूल काढलं आणि गावोगाव जाणारी बसही सुरू केली. तिथे शिकणाऱ्या अनेकींचा भाजी, शिलाई, शेळीपालन असा स्वतःचा धंदा असतो. त्यामुळे शिकलेलं लगेच व्यवहारात उतरतं.

शाळांना काय करता येईल?

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांमध्ये ‘बाल बाजार’ किंवा ‘आनंद मेळावा’ भरतो. मुलं भाजी, भेळ, वडे विकतात. अडचण एवढीच की साहित्य बहुतेकदा घरून येतं आणि गल्ल्यात जमलेली सगळी रक्कम नफा समजली जाते. बाजार एका दिवसात संपतो, म्हणून उरलेल्या मालाचं आणि उधारीचं काय करायचं हा प्रश्नच येत नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद सुचवली आहे. हे दिवस अशा कंपनीसाठी वापरता येतील.

काही पथ्यं मात्र पाळावी लागतील. १८७२च्या करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करायला पात्र नसते. त्यामुळे ही कंपनी सरावापुरती असावी आणि व्यवहाराची जबाबदारी शाळेने घ्यावी. शेअर इतका छोटा असावा की बुडाला तरी कोणत्याही घराला फटका बसू नये. विक्रीसाठी अभ्यासाचे तास जाऊ नयेत.

तुमच्या मुलांच्या शाळेत पुढचा बाल बाजार भरेल, तेव्हा ‘किती कमावलंस?’ एवढंच विचारू नका. घरून आणलेल्या तेलाचे, बेसनाचे पैसे धरलेस का, माल किती उरला आणि आईने पहाटे उठून केलेल्या कामाचे किती लावलेस, हेही विचारा. पाटीवर ही तीन उत्तरं लिहिता आली, तर बाजार कामी आला म्हणायचा.