छपाईयंत्राचे आकडे काय सांगतात?

शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीतला शाईचा प्रिंटर ऐन घाईत अडून बसतो, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढायच्या असतात, कुणाचा शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा असतो, आणि नेमका तांबडा दिवा लुकलुकू लागतो. छोट्या पडद्यावर एक आकडा उभा राहतो. मग कुणी झाकणावर थाप मारतो, कुणी दहा वेळा बटण दाबतो, आणि शेवटी ‘यंत्र गेलं’ असा निकाल लागतो. तालुक्याला नेण्याआणण्याचा खर्च होतो. कधीकधी तर धडधाकट यंत्र मोडीत निघतं.

मंडळी, तो आकडा म्हणजे यंत्राने केलेली तक्रार आहे. रोगी वैद्याला ‘पोटात दुखतं’ एवढंच सांगतो. का दुखतं ते वैद्याने शोधायचं असतं. इथेही तसंच आहे.

म्हणून पहिलं काम हे, की यंत्र बंद करण्यापूर्वी तो आकडा कागदावर उतरून घ्या. पडदा नसेल तर दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. सोबत कंपनीचं नाव आणि यंत्राचा नमुना क्रमांक लिहा. प्रत्येक कंपनीची भाषा निराळी असते. एकीचा आकडा चार अंकी, तर दुसरीचा शून्य आणि एक्सपासून सुरू होणारा लांबलचक. एकीचा अर्थ दुसरीला लावू नये.

उदाहरणासाठी कॅनन कंपनीचे शाईच्या टाकीचे प्रिंटर घेऊ. त्यांत १००० म्हणजे कागद नाही, १२०० म्हणजे झाकण उघडं आहे आणि १३०० म्हणजे कागद अडकला आहे. ही कामं तुमच्या हातची आहेत. मात्र अडकलेला कागद हिसका देऊन ओढू नका. यंत्र बंद करा, प्लग काढा आणि दोन्ही हातांनी कागद सावकाश ओढा. फाटलाच, तर तुकडे जुळवून पाहा. आत राहिलेला बोटभर कपटासुद्धा पुन्हा तीच तक्रार करवतो. पावसाळ्यात कागद सर्दावतो आणि दोन-दोन पानं एकदम आत जातात. कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलात, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

आता ५१०० घ्या. काही यंत्रांत तोच ‘पी ०२’ असा दिसतो. शाई फेकणारं हेड ज्या गाडीवर बसतं, ती गाडी डावी-उजवीकडे नीट सरकत नाही, असा त्याचा अर्थ. प्लग काढून झाकण उघडा आणि विजेरी धरून आत पाहा. टाचणी, पेन्सिलीचा तुकडा, कधी झुरळ किंवा पालसुद्धा निघते! कार्ट्रिज नीट दाबून बसली आहे का, तेही पाहा. गाडीमागे एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते. तिच्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा असतात. त्या मोजूनच यंत्राला गाडी कुठे आहे ते कळतं. पट्टीवर शाई किंवा खडूची धूळ बसली, की मोजणी चुकते. किंचित ओलसर, तंतू न सुटणाऱ्या फडक्याने ती हळूच पुसा. स्पिरिट, थिनर लावू नका.

५२०० हा आकडा हेड तापल्याचा आहे. या यंत्रांत शाई क्षणभर तापवूनच कागदावर उडवली जाते. हेडपर्यंत शाई पोहोचली नाही, तर ते कोरडंच तापतं. टाकीतल्या शाईची पातळी पाहा आणि यंत्र थोडा वेळ निवू द्या. आकडा परत आला किंवा बी २०० दिसला, तर कारागिराला बोलवा.

सर्वांत घाबरवणारा आकडा म्हणजे ५बी००, अर्थात ‘पी ०७’. यंत्र हेड साफ करतं तेव्हा थोडी शाई वाया जाते आणि तळाच्या पॅडमध्ये मुरते. किती शाई मुरली असेल याचा अंदाजी हिशेब यंत्र ठेवतं. तो हिशेब भरला, की छपाई थांबते. यंत्र मेलेलं नसतं. त्याची मोरी तुंबलेली असते. आधी १७०० दाखवून ते इशारा देतं, तेव्हाच दुरुस्तीची व्यवस्था करा. काही दुरुस्तीवाले पॅड न बदलता नुसता हिशेब पुसून देतात. प्रिंटर चालू होतो खरा, पण पुढे शाई ओसंडून टेबलावर आणि दाखल्यांच्या रजिस्टरवर येते. म्हणून ‘पॅड बदललं का?’ हे विचारा आणि जुनं पॅड पाहायला मागा.

ही वेळ लांबवणं तुमच्या हाती आहे. अक्षर जरा फिकं आलं की लगेच साफसफाईचा हुकूम देऊ नका. दर वेळी पॅड भरत जातं. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा, म्हणजे हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. भिंतीवरचं बटण एकदम बंद केलं, तर ते उघडं राहून सुकतं. मे महिन्याच्या सुट्टीतही आठवड्याला एक रंगीत पान काढा.

आणि गुरुजी, यंत्राशेजारी एक वही टांगून ठेवा. तारीख, आकडा आणि केलेला उपाय, एवढंच तिच्यात लिहायचं. कारागीर आला की आधी ती वही त्याच्या हाती द्या. त्याचा वेळ वाचेल, तुमचे पैसे वाचतील आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी धावपळ होणार नाही.