राहुकाळाचे गणित

सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ, शनिवारी नऊ ते साडेदहा, शुक्रवारी साडेदहा ते बारा, अशी राहुकाळाची कोष्टके आज अनेक दिनदर्शिकांच्या पानांवर छापलेली आढळतात. दुकानाचे उद्घाटन, विहिरीच्या खोदाईचा प्रारंभ, खरेदीखताची नोंदणी, प्रवासास निघणे यांपैकी काहीही या दीड तासात करू नये, असा समज त्यामागे आहे. दक्षिणेकडील राज्यांत तो अधिक दृढ आहे. महाराष्ट्रात भद्रा, चौघडी आणि दिशाशूल यांचा पगडा जुना असला, तरी राहुकाळही आता येथे अपरिचित राहिलेला नाही. घरच्या कार्यासाठी कोणी कोणती वेळ निवडावी, हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न होय. परंतु सार्वजनिक कामे या कोष्टकासाठी खोळंबू लागली आणि रुग्णास हलवितानाही 'थोडे थांबा' असे सांगण्यात येऊ लागले, म्हणजे ते कोष्टक कशाच्या आधारावर उभे आहे, हे तपासणे प्राप्त होते.

राहुकाळ काढण्याची रीत अगदी सोपी आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे आठ समान भाग करावयाचे आणि वारानुसार त्यांतील एक भाग राहूचा मानावयाचा. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा व रविवारी आठवा. पहिला भाग राहूच्या वाट्यास कधीच येत नाही. याच पद्धतीने गुलिक काळही काढतात. मात्र त्यात शनिवारी पहिला, शुक्रवारी दुसरा असा वारांचा सरळ उलटा क्रम तरी दिसतो. राहुकाळाच्या क्रमास तेवढाही आधार नाही. तो ग्रहांच्या अंतराचा नाही, गतीचा नाही आणि वारांचाही नाही. तिथी, वार, नक्षत्र, योग व करण या पंचांगाच्या पाच अंगांतही राहुकाळाचा समावेश होत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिथीचे गणित सूर्य व चंद्र यांच्या प्रत्यक्ष स्थानांवरून मांडावे लागते. ते चुकले तर ग्रहणाच्या दिवशी सर्वांसमक्ष उघडे पडते. राहुकाळाच्या कोष्टकावर असा प्रसंग कधी येत नाही.

मग यात राहू कोठे आहे? चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे ५ अंशांचा कोन करते. हे दोन मार्ग आकाशात ज्या दोन बिंदूंत एकमेकांस छेदतात, त्यांना राहू व केतू ही नावे आहेत. सूर्य व चंद्र या बिंदूंजवळ असताना अमावस्या किंवा पौर्णिमा आली, तरच ग्रहण घडते. ग्रहण हा सावल्यांचा खेळ आहे, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ मधील आपल्या 'आर्यभटीया'त सांगून ठेवले. राहू हा दगडामातीचा गोल नसून गणिताने निश्चित होणारा बिंदू आहे. तो उलट्या दिशेने सरकत सुमारे १८.६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे ताऱ्यांप्रमाणेच हा बिंदूही रोज उगवतो व मावळतो, आणि त्याची उगवण्याची वेळ प्रतिदिनी सुमारे चार मिनिटांनी अलीकडे येते. राहूचा काही प्रभाव त्याच्या आकाशातील स्थानामुळे पडत असता, तर राहुकाळाची वेळही अशीच रोज सरकली असती. कोष्टकात मात्र तो प्रत्येक सोमवारी, वर्षानुवर्षे, त्याच भागात ठाण मांडून बसलेला असतो. आकाशातील राहूशी या राहूचा नामसाधर्म्याखेरीज संबंध दिसत नाही.

घड्याळाच्या बाबतीतील घोटाळा तर याहून मनोरंजक आहे. साडेसात ते नऊ ही वेळ सूर्योदय बरोबर सहास व सूर्यास्त बरोबर सहास होतो, असे गृहीत धरून काढलेली आहे. मुंबईत जानेवारीच्या मध्यास सूर्य सुमारे ७ वाजून १४ मिनिटांनी उगवतो आणि ६ वाजून २० मिनिटांच्या सुमारास मावळतो. दिवसाचा आठवा भाग त्या वेळी सुमारे ८३ मिनिटांचा असतो. म्हणजे मूळ नियमानुसार सोमवारचा राहुकाळ ८ वाजून ३७ मिनिटांनी सुरू होऊन १० च्या सुमारास संपतो. छापील कोष्टकावर विश्वास ठेवून जो गृहस्थ नऊ वाजेपर्यंत थांबतो आणि मग निर्धास्तपणे घराबाहेर पडतो, तो खऱ्या राहुकाळाच्या ऐन मध्यावर निघालेला असतो! त्याचे काही बिघडत नाही, ही गोष्ट वेगळी. जूनच्या अखेरीस हाच आठवा भाग सुमारे १०० मिनिटांचा होतो. शिवाय मुंबई आणि गडचिरोली यांच्या रेखांशांत सुमारे ७ अंशांचे अंतर असल्याने तेवढ्यावरूनच दोन्ही ठिकाणच्या सूर्योदयांत जवळजवळ २८ मिनिटांचा फरक पडतो. दिनदर्शिका मात्र दोन्हीकडे एकच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरविण्यात आली व १९०६ पासून अमलात आली, ती रेल्वे, तारखाते व कचेऱ्या यांच्या सोयीसाठी. राहूला तिची जाणीव असण्याचे कारण नाही. शाळेतील सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून वृत्तपत्रातील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा महिनाभर टिपून घेऊन हे गणित करवून घेता येईल. त्यास भागाकारापलीकडे काही लागत नाही.

राहुकाळ ज्या वारांवर आधारलेला आहे, ते वारही निसर्गाने दिलेले नाहीत. वैदिक वाङ्मयात नक्षत्रे आहेत, तिथींचा विचार आहे; सात वार नाहीत. ग्रहांच्या होऱ्यांवरून वारांना नावे देण्याची पद्धत पश्चिमेकडून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत भारतात रुजली. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या काळचा, इसवी सन ४८४ चा स्तंभलेख हा वाराचा उल्लेख असलेल्या आपल्याकडील अगदी प्राचीन लेखांपैकी होय. वार ही माणसांनी आपसांत केलेली व्यवस्था असल्यामुळे ती बदलताही येते. प्रशांत महासागरातील सामोआ या देशाने व्यापाराच्या सोयीसाठी तारीखरेषेची दुसरी बाजू स्वीकारली. त्यामुळे २९ डिसेंबर २०११ च्या गुरुवारनंतर तेथे एकदम ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. मधल्या शुक्रवारच्या राहुकाळाचे काय झाले, असा प्रश्न विचारल्यास कोष्टकापाशी उत्तर नाही.

पंचायत सदस्यांच्या परिचयाचे एक उदाहरण घेता येईल. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ नुसार लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकीसाठी नामनिर्देशनपत्र सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात सादर करावे लागते. बुधवारी कोष्टकातील राहुकाळ १२ ते दीड. गुलिक काळही वर्ज्य मानला, तर साडेदहा ते बारा हा काळही गेला. चार तासांपैकी उरला केवळ दीड तास. त्यामुळे निवडणूक अधिकाऱ्याच्या कक्षात दीडनंतर दाटी झाली तर नवल नाही. आता एखाद्या मतदारसंघात दहा उमेदवारांनी राहुकाळ कसोशीने टाळून पत्रे दाखल केली, असे समजू. निवडून एकच येणार; उरलेल्या नऊ जणांचा पराभव शुभ वेळेवरच झाला, असे म्हणावे लागेल.

तरीही 'आम्हांला अनुभव आहे' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा अनुभव खोटा नसतो, अपुरा असतो. राहुकाळ हा दिवसाचा आठवा हिस्सा आहे. दिवसा घडणाऱ्या अपघातांची, बिघडलेल्या सौद्यांची, मोडलेल्या सोयरिकींची वाटणी दिवसभर सारखी झाली असे धरले, तरी आठांपैकी एक घटना राहुकाळात पडणारच. ती लक्षात राहते. त्या वेळी सुखरूप पार पडलेली कामे आणि इतर वेळी झालेले सात अपघात मात्र कोणी मोजत नाही. समजूत तपासावयाची तर चारही रकाने भरावे लागतात: राहुकाळात बिघडलेली व सुरळीत झालेली कामे, तशीच इतर वेळची दोन्ही प्रकारची कामे. एका रकान्यावरून काढलेला निष्कर्ष कोणत्याही कचेरीत मान्य होणार नाही.

या समजुतीची खरी किंमत मोजावी लागते, ती आजारपणात. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव दोन तासांच्या आतही प्राणघातक ठरू शकतो. राहुकाळ दीड तासाचा असतो. भरदिवसा शेतात घोणस चावली, तर प्रतिविष जितक्या लवकर मिळेल तितके मूत्रपिंड व रक्त यांवरील परिणाम आटोक्यात राहण्याचा संभव अधिक. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष आपल्याकडे तयार होते, आणि राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. वाहन दारात उभे राहिल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी वेळ पाहण्यासाठी दिनदर्शिका काढली, तर आशा कार्यकर्ती, शिक्षक किंवा सरपंच यांच्या शब्दास त्या क्षणी वजन असते. तेथे वाद घालण्यास सवड नसते. म्हणून हे बोलणे ग्रामसभेत, माता-पालक मेळाव्यात, आधीच व्हावयास हवे.

मुहूर्त पाहणे हा कायद्याने गुन्हा नाही. नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा यांना प्रतिबंध घालणारा महाराष्ट्राचा २०१३ चा अधिनियम केवळ श्रद्धेस वा समजुतीस हात घालीत नाही. परंतु साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपचार करणे, ही बाब त्याच्या अनुसूचीत स्पष्टपणे समाविष्ट आहे.